विश्लेषण : कोळशाची राख चिमणीत अडवणारे फ्रेडरिक कॉट्रेल कोण होते?

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा किंवा परळी, कोणत्याही औष्णिक वीज केंद्रात कोळसा जाळण्याआधी पिठासारखा बारीक दळला जातो. तो भट्टीत क्षणात जळतो आणि मागे उरलेली राख तापलेल्या वायूंबरोबर चिमणीच्या दिशेने उडत जाते. चिमणीच्या अलीकडे चार-पाच मजली इमारतीएवढी एक पोलादी पेटी असते. ही पेटी राख अडवते आणि वायू पुढे जाऊ देते. तिचे नाव इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, म्हणजे ईएसपी. ती नसती तर केंद्राच्या आसपासच्या गावांत दिवसाही दिवे लावावे लागले असते. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी हे यंत्र कामाचे करून दाखवणारे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक गार्डनर कॉट्रेल यांनी त्यातून मिळणारा पैसा मात्र स्वत:कडे ठेवला नाही. ‘स्वच्छ कोळसा’ या शब्दाभोवती आज जो वाद आहे, त्याचे मूळही त्यांच्या आयुष्यातील एका अपयशात सापडते.

जडणघडण कशी झाली?

कॉट्रेल यांचा जन्म १० जानेवारी १८७७ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. लहानपणापासून त्यांना विजेचा आणि छपाईचा नाद होता. शाळकरी वयातच ते मुलांसाठी विज्ञानाचे छोटे नियतकालिक काढत. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १८९६ मध्ये, नेहमीपेक्षा एक वर्ष आधीच, त्यांनी पदवी मिळवली. पुढील शिक्षणासाठी जर्मनीला जायचे होते, पण हाताशी पैसा नव्हता. म्हणून त्यांनी ओकलंडच्या हायस्कुलात काही वर्षे रसायनशास्त्र शिकवले. १९०० मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये व्हान्ट हॉफ आणि लाइपझिगमध्ये ऑस्टवाल्ड या भौतिक रसायनशास्त्राच्या दोन आधारस्तंभांकडे शिकून १९०२ मध्ये डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि बर्कलेलाच अध्यापक झाले.

त्या काळी प्राध्यापकाचा पगार बेताचाच असे. त्यामुळे कारखान्यांना सल्ला देण्याची कामे ते घेत. असेच एक काम त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले.

धुराचा प्रश्न त्यांच्याकडे कसा आला?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी पिनोल येथे ड्यू पॉन्ट कंपनीचा स्फोटकांचा कारखाना होता. तिथे गंधकाम्ल तयार करताना महागडा प्लॅटिनम उत्प्रेरक वारंवार निकामी होत असे. कारण होते आर्सेनिक. ते आम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांबरोबर धुक्यासारखे वाहत येई. हे धुके वायूतून वेगळे कसे काढायचे, हा प्रश्न होता. कॉट्रेल यांनी आधी ते गरगर फिरवून वेगळे करण्याचा प्रयत्न केला. प्रयोगशाळेत ते जमले, पण कारखान्याच्या पातळीवर परवडणारे नव्हते. मग ते विजेकडे वळले.

विजेने धूर बसवण्याची कल्पना नवी नव्हती. लाइपझिगमध्ये होलफेल्ड यांनी १८२४ मध्येच बरणीतला धूर विजेने नाहीसा करून दाखवला होता. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी १८८० च्या दशकात वेल्समधील बॅगिल्ट येथील शिशाच्या कारखान्यात तोच प्रयोग केला आणि तो फसला. स्थितिक वीज तयार करणारी त्या काळची यंत्रे कारखान्यातील धुरापुढे अगदीच दुबळी होती. तत्त्व बरोबर होते, हत्यार अपुरे होते.

कॉट्रेल यांच्या वेळेपर्यंत दोन गोष्टी बदलल्या होत्या. प्रत्यावर्ती विजेचा दाब वाढवणारे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, सहज मिळू लागले होते. त्याला फिरते यांत्रिक दिष्टकारी जोडून ती वीज एकाच दिशेने वाहती करता येत होती. या दोन साधनांच्या जोडणीतून हजारो व्होल्टचा अखंड पुरवठा कारखान्यात मिळू लागला.

सुताच्या दोऱ्याने काय उलगडले?

अडचण मात्र संपली नव्हती. विजेची तार उघडी ठेवली, की तिच्यावरून हवेत पुरेसा विद्युतभार सुटत नसे. एखाद-दुसऱ्या टोकावरच ठिणगी दिसे. एका संध्याकाळी प्रयोगशाळेतील उजेड मंदावल्यावर कॉट्रेल यांना दिसले, की यंत्रापर्यंत वीज नेणारी सुती वेष्टनाची तार आपल्या संपूर्ण लांबीभर जांभळट चमकते आहे. वेष्टनातून बाहेर आलेला सुताचा प्रत्येक बारीक तंतू एक सुईचे टोक बनला होता. ओलसर हवेत त्या तंतूंवरून विद्युतभार सर्वत्र सारखा सुटत होता.

हाच धागा त्यांनी पकडला. तंतुमय टोके असलेले विद्युतअग्र वापरताच आम्लाचे धुके झपाट्याने बसू लागले. या पद्धतीचे त्यांचे पहिले पेटंट ऑगस्ट १९०८ मध्ये मंजूर झाले. प्राध्यापक एडमंड ओनील यांच्यासह काही मित्रांनी भांडवल घातले आणि कंपनी उभी राहिली.

ईएसपी नेमके काम कसे करते?

पेटीत पोलादी पत्र्यांच्या उंच रांगा असतात. दोन रांगांच्या मधोमध बारीक तारा किंवा काटेरी दांडे टांगलेले असतात. तारांना हजारो व्होल्टचा ऋण दाब दिला जातो, पत्रे जमिनीला जोडलेले असतात. तारांभोवतीच्या हवेत इलेक्ट्रॉन सुटतात, ते राखेच्या कणांना चिकटतात आणि भारित कण पत्र्यांकडे खेचले जातात. ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर ठोके देतात. साचलेला थर खाली गळून शंकूच्या आकाराच्या हॉपरमध्ये पडतो आणि तिथून राख बाहेर नेली जाते. गाळणीसारखा वायूला अडथळा होत नसल्याने यासाठी ऊर्जाही कमी लागते.

साधे गणित करून पाहू. एखादा संच तासाला ३०० टन कोळसा जाळतो आणि त्यात ३५ टक्के राख आहे असे धरले, तर तासाला १०५ टन राख तयार होते. त्यातील सुमारे ८० टक्के, म्हणजे ८४ टन, वायूबरोबर उडते. ईएसपीने ९९ टक्के पकडली तरी तासाला ८४० किलो राख हवेत जाते. ९९.९ टक्के पकडली तर ८४ किलो. टक्केवारीत फरक एका टक्क्याहूनही कमी, पण गावावर पडणाऱ्या राखेत दहापट.

हा पुढचा ‘नऊ’ फुकट मिळत नाही. पहिली ९० टक्के राख पकडण्यासाठी पत्र्यांचे जितके क्षेत्रफळ लागते, ढोबळमानाने तेवढेच ९० वरून ९९ वर जाण्यासाठी पुन्हा लागते आणि ९९ वरून ९९.९ वर जाण्यासाठी आणखी तेवढेच.

पहिली कसोटी कुठे लागली?

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठावरील सेल्बी येथील धातू कारखान्याविरोधात आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले होते. तिथे सोने-चांदी वेगळे करताना निघणाऱ्या आम्लाच्या वाफा कॉट्रेल यांच्या यंत्राने रोखल्या आणि यंत्राचे नाव झाले.

दुसरी कसोटी दक्षिण कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड येथे होती. सिमेंट कारखान्याची धूळ संत्र्यांच्या बागांवर बसत होती आणि बागायतदार संतापले होते. तिथे यंत्र बसवल्यावर धूळ थांबली. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीतून येणारे पोटॅश बंद झाले, तेव्हा पकडलेल्या या धुळीतूनच खतासाठी पोटॅश मिळवता आले. उपद्रव म्हणून अडवलेली धूळ माल म्हणून विकली गेली.

अपयश कोणते आणि ते महत्त्वाचे का?

उत्तर कॅलिफोर्नियातील शास्ता परगण्यात बालाक्लाला नावाचा तांब्याचा कारखाना होता. त्याच्या धुराने आसपासची झाडे आणि शेती होरपळत होती. १९१० मध्ये तिथे मोठे ईएसपी बसवण्यात आले. यंत्राने रोज टनावारी धूळ पकडली. पण झाडे जाळणारा खरा अपराधी होता सल्फर डायऑक्साइड. तो वायू आहे, कण नव्हे. विद्युतभाराने कण खेचले जातात. वायू पत्र्यांमधून तसाच निघून जातो. शेतकऱ्यांची तक्रार कायम राहिली आणि १९११ मध्ये कारखाना बंद पडला.

यंत्राने आपले काम चोख केले होते, तरी प्रश्न सुटला नव्हता. धूर दिसेनासा होणे आणि हवा स्वच्छ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा बालाक्लालाचा धडा कोळशाच्या विजेलाही लागू पडतो.

पेटंटचा पैसा कुठे गेला?

या टप्प्यावर कॉट्रेल श्रीमंत होऊ शकले असते. त्याऐवजी त्यांनी पेटंट एखाद्या संस्थेला देऊन टाकायचे ठरवले. उत्पन्नातून इतरांचे संशोधन चालावे, ही त्यांची इच्छा होती. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे ते गेले. संस्थेचे सचिव चार्ल्स वॉलकॉट यांना कल्पना पटली, पण संस्थेने स्वत: पेटंटचा व्यवसाय करणे योग्य नव्हते. त्यातून १९१२ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ ही स्वतंत्र संस्था जन्माला आली. पश्चिमेकडील काही राज्यांतील हक्क मूळ मित्रांच्या कंपनीकडे राहिले, बाकीचे या संस्थेकडे गेले. तिचा नियम साधा होता : भागधारकांना लाभांश नाही, नफा संशोधनाला.

या पैशातून पुढे अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनला मदत मिळाली. त्याच यंत्रासाठी लॉरेन्स यांना १९३९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. रॉबर्ट गोडार्ड यांच्या अग्निबाणांच्या प्रयोगांनाही तिचा हातभार लागला. ही संस्था आजही काम करते आणि तरुण प्राध्यापकांना कॉट्रेल यांच्या नावाने अनुदान देते.

स्वत: कॉट्रेल १९११ मध्ये अमेरिकी सरकारच्या खाण विभागात दाखल झाले. पहिल्या महायुद्धात नैसर्गिक वायूतून हेलियम वेगळा काढण्याच्या कामाला त्यांनी चालना दिली. १९२० मध्ये काही महिने ते विभागाचे संचालक होते. नंतर त्यांनी सरकारच्या नत्र स्थिरीकरण प्रयोगशाळेचे नेतृत्व केले. जगातील शास्त्रज्ञांसाठी एक समान साहाय्यक भाषा असावी, यासाठीही ते झटले. १६ नोव्हेंबर १९४८ रोजी बर्कले येथे राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या बैठकीला गेले असतानाच त्यांचे निधन झाले. ते ७१ वर्षांचे होते.

कोळशाच्या विजेशी संबंध कधी जुळला?

सुरुवातीची यंत्रे धातू आणि सिमेंट कारखान्यांसाठी होती. १९२० च्या दशकात वीज केंद्रांनी कोळशाची भुकटी करून जाळायला सुरुवात केली आणि उडत्या राखेचे प्रमाण एकदम वाढले. अमेरिकेत डेट्रॉइटजवळील ट्रेंटन चॅनल वीज केंद्रात १९२३ च्या सुमारास ईएसपी बसवण्यात आले. तेव्हापासून कोळशाचे केंद्र आणि ईएसपी ही जोडी ठरून गेली.

भारतात या यंत्राची परीक्षा अधिक कठीण आहे. आपल्या कोळशात राख अनेकदा ३० ते ४५ टक्के असते आणि गंधक कमी, बहुधा एक टक्क्याहून कमी. गंधक कमी असणे हवेसाठी चांगले. पण गंधकापासून बनणारा सल्फर ट्रायऑक्साइड राखेला किंचित विद्युतवाहक बनवतो. तो कमी पडला की राख विजेला जास्त विरोध करते, पत्र्यावर भार साचतो आणि कण पकडणे अवघड होते. म्हणून आपल्याकडील ईएसपी अधिक मोठी लागतात. काही ठिकाणी वायूत अमोनिया किंवा सल्फर ट्रायऑक्साइड थोड्या प्रमाणात मिसळून राख ‘वळवली’ जाते.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने वीज केंद्रांसाठी नवे निकष आणले. त्यानुसार धूलिकणांची मर्यादा जुन्या संचांसाठी घनमीटरला १०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ दरम्यानच्या संचांसाठी ५० आणि २०१७ पासूनच्या संचांसाठी ३० मिलिग्रॅम ठरली. ही लढाई ईएसपीच्या हद्दीतली आहे : पत्रे वाढवा, वीजपुरवठा सुधारा, हातोडे नीट चालू ठेवा.

मग कोळसा ‘स्वच्छ’ झाला का?

इथे बालाक्लाला पुन्हा आठवतो. सल्फर डायऑक्साइडसाठी चुनखडीच्या द्रावणाने वायू धुणारी वेगळी यंत्रणा लागते. ती बसवण्याच्या मुदती भारतात वारंवार पुढे ढकलल्या गेल्या. कार्बन डायऑक्साइड तर दोन्ही यंत्रणांतून निसटतो. त्यासाठी कोळशाचे वायूकरण, अधिक दाब-तापमानावर चालणारे कार्यक्षम संच किंवा कार्बन पकडून साठवणे, असे मार्ग शोधले जात आहेत. ईएसपीतूनही सर्वांत चिवटपणे निसटतात ते एका मायक्रॉनहून लहान कण, आणि फुप्फुसात खोलवर जाणारे कणही तेच.

शिवाय पकडलेली राख नाहीशी होत नाही. ती सिमेंटमध्ये, विटांमध्ये, रस्त्यांच्या भरावात जाते. उरलेली राखेच्या तलावात साचते. तलावाचा बांध नीट नसेल, तर हवेतून वाचवलेली राख पाण्यात आणि शेतात उतरते.

त्यामुळे एखादे वीज केंद्र ‘प्रदूषणमुक्त’ असल्याचा दावा ऐकला, तर चिमणी पाहून निकाल देऊ नये. चार प्रश्न विचारावेत : कण किती सुटतात, वायू कोणते सुटतात, ही मोजणी लोकांना पाहायला मिळते का आणि पकडलेली राख कुठे जाते. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर कॉट्रेल यांनी शंभर वर्षांपूर्वीच दिले. उरलेल्या तिघांसाठी नव्या संशोधनाइतकीच नियमांच्या अंमलबजावणीचीही गरज आहे.