अपिराना न्गाता : दोन कायद्यांचा विद्यार्थी

न्यूझीलंडच्या ५० डॉलरच्या नोटेवर ज्यांचे चित्र आहे, ते सर अपिराना न्गाता हे त्या देशाच्या विद्यापीठाची पदवी संपादन करणारे पहिले माओरी होत. कायदेपंडित, मंत्री आणि माओरी गीतांचे संग्राहक म्हणून ते ओळखले जातात. न्यूझीलंडच्या राज्यकर्त्यांचा कायदा आणि आपल्या समाजाचा कायदा असे दोन कायदे त्यांनी आत्मसात केले. विद्यापीठात मात्र त्यांपैकी एकच शिकवला जात होता.

न्गाता यांचा जन्म ३ जुलै १८७४ रोजी उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील ते अरारोआ येथे, न्गाती पोरोउ या जमातीत झाला. वडील पारातेने न्गाता हे जमातीच्या परंपरांचे जाणकार होते. त्यांनी भूमी न्यायालयात माओरी सल्लागार म्हणूनही काम पाहिले. माओरींच्या रूढी, नीतिनियम आणि कायदा यांना मिळून तिकांगा म्हणतात. जमिनीवरील हक्क वंशावळ, पूर्वजांचा पराक्रम आणि प्रत्यक्ष वहिवाट यांवरून ठरे आणि जमीन कुळाच्या सामायिक ताब्यात असे. ही विद्या ग्रंथांत नव्हती. ती वडीलधाऱ्यांच्या मुखातून पुढील पिढीकडे जात असे. न्गाता यांना ती घरातच लाभली.

बालपणीच त्यांना ते आउते कॉलेज या माओरी मुलांच्या निवासी शाळेत पाठविण्यात आले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते कँटरबरी कॉलेजात दाखल झाले व १८९३ मध्ये बी.ए. झाले. त्यानंतर ऑकलंड येथे एका वकिलांच्या कार्यालयात उमेदवारी करीत त्यांनी कायद्याची पदवी घेतली.

ते ज्या काळात कायदा शिकत होते, त्या काळात १८७७ च्या वि पाराता खटल्याचा निकाल प्रमाण मानला जात होता. न्यायालयाने दखल घ्यावी असा कोणताही रूढी-कायदा माओरींजवळ नाही, असे त्या निकालाचे सार होते. म्हणजे घरी शिकलेला कायदा अस्तित्वातच नाही, असे वर्गात शिकलेला कायदा सांगत होता. दुसरीकडे, १८६५ च्या कायद्यानुसार भूमी न्यायालय कुळाच्या जमिनीची मालकी मोजक्या व्यक्तींच्या नावे करून देत होते. एकदा नावे लागली की जमीन विकणे सोपे होई. पुढे वारसांची संख्या वाढत जाऊन हिस्से इतके बारीक झाले की, जमीन कसणेही अशक्य होऊन बसले.

न्गाता वकिलीत रमले नाहीत. ते आपल्या प्रदेशात परतले. ते आउतेच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. तीतूनच तरुण माओरी पक्ष म्हणून ओळखला जाणारा गट पुढे आला. अनेक हिस्सेदारांना एका संस्थेत आणून समितीमार्फत जमिनीचा कारभार चालविण्याची पद्धत त्यांनी पूर्व किनाऱ्यावर रुजविली. इंग्रजी कायद्याच्या चौकटीत सामायिक मालकीचे तत्त्व टिकविण्याचा हा प्रयत्न होता. १९०५ मध्ये ते संसदेवर निवडून आले. १९०७ मध्ये माओरी जमिनींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगावर सरन्यायाधीश रॉबर्ट स्टाऊट यांच्यासमवेत त्यांची नियुक्ती झाली. १९०९ चा भूमी कायदा रचताना जॉन सॅमंड या विधिज्ञाला त्यांनी साहाय्य केले.

या कायद्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागेल. रूढीने चालत आलेला भूमिहक्क सरकारविरुद्ध बजावता येणार नाही, असे कलम त्यात होते. माओरी रूढीनुसार होणाऱ्या नव्या दत्तकविधानांनाही कायद्याची मान्यता उरली नाही. १९२२ मध्ये न्गाता यांनी वैतांगी तहाचा अर्थ माओरी भाषेतून समजावून देणारी पुस्तिका लिहिली. सार्वभौम सत्ता राणीकडे गेली, हा इंग्रजी कायद्याचा अर्थ त्यांनी तीत स्वीकारला होता. दोन्ही कायदे जाणणाऱ्या या माणसाला जे वाचविता येईल ते वाचविण्यासाठी बरेच काही सोडावे लागले. त्यामुळेच त्यांच्या कार्याविषयी मतभेद आहेत.

१९२७ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १९२८ मध्ये ते माओरी व्यवहार मंत्री झाले. विखुरलेल्या हिश्श्यांचे एकत्रीकरण आणि सरकारी कर्जातून माओरी शेतीचा विकास या योजना त्यांनी झपाट्याने राबविल्या. मात्र खात्याच्या हिशेबांतील व कारभारातील अनियमिततेवर चौकशी आयोगाने कठोर ताशेरे ओढल्यामुळे १९३४ मध्ये त्यांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. संसदेतील त्यांचे सदस्यत्व १९४३ च्या पराभवापर्यंत, सुमारे ३८ वर्षे टिकले.

विद्यापीठाशी असलेला त्यांचा जुना हिशेब मात्र त्यांनी सोडला नव्हता. माओरी भाषेला पदवीच्या अभ्यासक्रमात स्थान मिळावे यासाठी त्यांनी १९२० च्या दशकात प्रयत्न केले. पुरेसे लिखित साहित्य नाही, या आक्षेपाला त्यांनी जमविलेल्या पारंपरिक गीतांचा संग्रह हे एक उत्तरच होते. १९४८ मध्ये न्यूझीलंड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १४ जुलै १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांना स्वतःच जोडावे लागलेले दोन कायदे पुढे विद्यापीठांत एकत्र आले. न्यूझीलंडमध्ये वायकाटो विद्यापीठाची विधिशाखा १९९० च्या दशकारंभी द्विसांस्कृतिक शिक्षणाच्या उद्देशाने सुरू झाली. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठाने २०१८ मध्ये राष्ट्रीय कायदा आणि आदिवासींचा कायदा यांची संयुक्त पदवी सुरू केली. २०२२ मध्ये न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एलिस खटल्यात, तिकांगा हा देशाच्या सामान्य कायद्याचा भाग असल्याचे मान्य केले. विद्यार्थिदशेत न्गाता यांना जो कायदा नाही म्हणून सांगण्यात आला होता, तो वि पाराता निकालानंतर १४५ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने आपला मानला.