नवखा साहेब आणि पाच भिल्ल

वय वर्षं 22. तुमच्यातले काही जण या वयात टी. वाय.चा फॉर्म भरत असतात, काही जण एमपीएससीचा क्लास लावतात आणि काही जण घरच्यांशी भांडून देवपुरातून निघतात नि पांझरेच्या पुलावर वारा खात उभे राहतात. याच वयाचा एक पोरगा 1825 मध्ये आपल्या खानदेशात आला. अंगापिंडानं लहानखुरा, खिशात फार पैसे नाहीत, डोक्यावर बाप नाही. त्याला काम मिळालं होतं ते भल्याभल्यांनी हात टेकलेलं. सातपुडा, सातमाळा आणि डांगच्या डोंगरांतल्या भिल्लांना सरकारी शिपाई बनवायचं.

पोराचं नाव जेम्स औट्रम. पुढे तो सर झाला, जनरल झाला. लंडनला आणि कोलकात्याला त्याचे पुतळे उभे राहिले. पण त्याची खरी शाळा होती आपलं धरणगाव, आणि मास्तर होते इथले भिल्ल शिकारी.

बाप नसलेलं पोर

औट्रमचा जन्म 29 जानेवारी 1803 चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातला. वडील बेंजामिन औट्रम नामांकित इंजिनिअर. कालवे बांधायचे, लोखंडी रुळांचे रस्ते टाकायचे. जेम्स दोन वर्षांचा असताना ते वारले आणि घराची घडी विस्कटली. आई पोरांना घेऊन स्कॉटलंडला गेली. ॲबर्डीनजवळ जेम्सचं शिक्षण झालं. पुस्तकात लक्ष कमी, मैदानात जास्त. 1819 मध्ये, 16 व्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीचा कॅडेट म्हणून मुंबईला उतरला. पगारातून आईला पैसे पाठवायचे हे तेव्हाच ठरलेलं. पुढची काही वर्षं आजारपणं आणि छावणीतल्या कवायती यात गेली. 1824 च्या अखेरीस कित्तूरच्या मोहिमेत तो होता आणि 1825 मध्ये खानदेशात आला.

तेव्हाचा खानदेश

आज धुळ्याहून शिरपूरला जायचं म्हटलं की गाडीला किक मारली, झालं. 1825 मध्ये असं नव्हतं. होळकर-शिंद्यांच्या भांडणांत, पेंढाऱ्यांच्या धाडींत आणि 1803-04 च्या दुष्काळात इथली गावंच्या गावं उठून गेली होती. शेतात झाडोरा माजला आणि त्या झाडोऱ्यात वाघ राहायला आले. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश कंपनीकडे गेला आणि धुळे हे मुख्य ठाणं झालं.

डोंगरात राज्य होतं भिल्ल नाईकांचं. घाटवाटांची राखण करायची आणि त्याबदल्यात गावांकडून हक्क घ्यायचा, ही जुनी रीत. राज्य बदललं, हक्क थकले, बंद पडले, मग धाडी सुरू झाल्या. कंपनीनं पलटणी पाठवल्या. भिल्ल वर डोंगरात निघून जायचे आणि खाली शिपाई तापानं पटापट आजारी पडायचे. काही नाईक मारले गेले, काही पकडले गेले, पण प्रश्न जिथल्या तिथेच.

तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं वेगळी वाट धरली. भिल्लांसाठी तीन एजन्स्या नेमायच्या, वस्त्या बसवायच्या, शेतीला तगाई द्यायची आणि भिल्लांचीच एक पलटण उभी करायची. ही पलटण उभी करण्याचं काम औट्रमकडे आलं. ठिकाण धरणगाव.

पाचच जण

कागदावर हे सोप्पं वाटतं. प्रत्यक्षात विश्वास कोण ठेवणार? कालपर्यंत ज्यांच्या मागे बंदुका लागल्या होत्या, ते आज त्याच बंदुकवाल्यांकडे नाव लिहायला कसे येतील?

औट्रमनं सुरुवात केली ती नेहमीच्याच पद्धतीनं. छापा घातला, कैदी पकडले. पण मग त्यातल्या काहींना सोडून दिलं. बाकीच्यांच्या नातलगांना घेऊन या, सगळ्यांना मोकळं करतो, असा निरोप त्यांच्याबरोबर धाडला. त्या धाग्यावरून नाईकांशी ओळख झाली. नंतर तो एकटाच, पहारा न घेता, त्यांच्याबरोबर रानात राहायला गेला. दारूही पाजली. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही. एवढं करून किती जण तयार झाले? पाच.

इथेच शिकार येते. डोंगरातली शिकार म्हणजे जीपमधून फोटो काढणं नव्हे. पहाटे माग काढायचा, पाणवठ्याची ओली माती वाचायची, वारा कुठून येतोय ते बघायचं. जनावर कोणत्या घळीत पडलंय हे माकडांच्या आणि मोरांच्या ओरडण्यावरून ताडायचं. मग हाकारा. हाकाऱ्याची माणसं एका बाजूनं आरडाओरडा करत पुढे सरकणार आणि बंदूकवाला दुसऱ्या टोकाला दम धरून उभा राहणार. त्यानं घाईत बार टाकला तर जखमी वाघ हाकाऱ्यावरच्या माणसांवर उलटणार. त्याचा धीर सुटून तो पळाला, तरी तेच. म्हणून जुना शिकारी नव्या माणसाला पहिल्यांदा बरोबर नेतो, तेव्हा त्याची बंदूक बघत नाही. त्याचे पाय बघतो. ते हलतात का?

आता सांगा, या जोडीत नवखा कोण होता? हुकूम साहेबाचा, पगार साहेब देणार, पलटण साहेबाची. पण सातपुड्याच्या उतारावर वाट ठाऊक होती भिल्लांना. माग त्यांना दिसत होता, साहेबाला नुसती धूळ दिसत होती. म्हणजे डोंगरात पहिल्यांदा आलेला सोबती औट्रम होता आणि त्याला बरोबर घेऊन चालले होते भिल्ल. परीक्षाही त्याचीच होती.

धरणगावची टेकडी

ही परीक्षा त्याच वर्षी झाली. धरणगावजवळच्या एका टेकडीच्या उतारावर, फड्या निवडुंगाच्या जाळीत वाघ बसल्याची खबर आली. औट्रम आणि त्याचा एक गोरा सोबती निघाले, बरोबर भिल्ल होते. हत्ती नाही, मचाण नाही, औट्रम पायी. सोबत्यानं बार टाकला, तो चुकला. वाघानं सरळ औट्रमवर झेप घेतली आणि माणूस नि जनावर एकमेकांत अडकून उतारावरून गडगडत खाली गेले. त्या झटापटीत औट्रमचा एक हात सुटला. कमरेचं पिस्तूल निघालं आणि वाघाच्या डोक्यात गोळी गेली.

भिल्ल धावत खाली आले तर साहेब रक्तानं माखलेला. त्यांचे चेहरे उतरले. औट्रमनं मात्र मांजरानं ओरबाडावं तशी ती जखम हसण्यावारी नेली. ही गोष्ट खानदेशच्या डोंगरांत पुढे कित्येक वर्षं सांगितली जात होती.

दुसरा एक प्रसंग असाच सांगतात. वाघ नाल्यातल्या दाट जाळीत दडलेला, वरून दिसेना. तेव्हा भिल्लांनी डोक्यावरचे फेटे सोडून एकमेकांना बांधले, औट्रमला त्या फेट्यांनी झाडावरून खाली लोंबकळत सोडलं आणि तशा अधांतरी अवस्थेत त्यानं वाघ टिपला. शौर्य साहेबाचं, हे खरं. पण त्या फेट्यांची गाठ कुणाच्या हातात होती? ज्यांना कंपनी काल लुटारू म्हणत होती, त्यांच्या. नुसती गाठ सैल सोडली असती तरी काम झालं असतं. त्यांनी सोडली नाही.

विश्वास असा दोन्हीकडून तयार झाला. पाचाचे पंचवीस झाले, पुढे शेकडो झाले. नव्या भरतीच्या भिल्लांना मालेगावला औट्रमच्या जुन्या पलटणीकडे नेलं. तिथले वरच्या जातींचे शिपाई त्यांना भेटायला आले, शेजारी बसले, पानसुपारी दिली. जातीची उतरंड घट्ट असलेल्या त्या काळात या पानसुपारीनं जे साधलं, ते नुसत्या पगारानं साधलं नसतं.

हिशेबाची दुसरी बाजू

इथेच गोष्ट थांबवली तर ती छान वाटेल, पण अर्धी राहील.

पहिला हिशेब वाघांचा. 1825 ते 1834 या काळात औट्रम स्वतः हजर असलेल्या शिकारींत 191 वाघ मारले गेले. अस्वलं, बिबटे वेगळेच. 2022 च्या गणनेत सगळ्या महाराष्ट्रात मिळून 444 वाघ निघाले, यावरून अंदाज घ्या. तेव्हा गावकऱ्यांना वाघ नको होता, गुरं-माणसं जात होती, हे मान्य. पण आज यावलच्या अभयारण्यात एखाद्या वाघाची चाहूल लागली तरी बातमी होते, त्यामागे तो जुना हिशेबही आहे.

दुसरा हिशेब माणसांचा. पलटण उभी राहिली ती कशासाठी? डोंगर कंपनीच्या ताब्यात आणण्यासाठी. ज्यांनी साहेबाला वाटा दाखवल्या, त्याच वाटांनी पुढे फौजा गेल्या. 1830 मध्ये औट्रम डांगवर चालून गेला, तेव्हा भिल्ल पलटण बरोबर होती. तिथल्या राजांना नमावं लागलं. 1857 मध्ये सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक कंपनीविरुद्ध उठला, भीमा नाईक उठला. 1858 च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली आणि भिल्लांचं रक्त वाहिलं. या उठावाच्या काळात भिल्ल पलटण मात्र इंग्रजांच्या बाजूनं राहिली. एकाच रानातली, एकाच बोलीतली माणसं समोरासमोर.

मग पलटणीत गेलेले चुकले का? असं घाईनं म्हणू नका. पकडलं गेलं तर फाशी किंवा तुरुंग आणि डोंगरात राहिलं तर उपासमार, अशा पेचात त्यांना नियमित पगार, माफी आणि मान मिळत होता. पोराबाळांना खायला मिळत होतं. त्यांनी जगण्याचा रस्ता धरला. त्या रस्त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

पुढचा औट्रम

औट्रम 1835 मध्ये खानदेशातून गुजरातेत महीकांठ्याला गेला. मग अफगाणिस्तान, मग सिंध. सिंधच्या अमीरांशी केलेला व्यवहार त्याला अन्यायाचा वाटला, वरिष्ठ चार्ल्स नेपियरशी त्याचं वाजलं. लुटीतला आपला वाटा त्यानं स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय कामांना देऊन टाकला. 1845 मध्ये साताऱ्याला रेसिडेंट, नंतर बडोद्याला. तिथली लाचखोरी त्यानं उघडी केली, तर मुंबई सरकारनं त्यालाच हलवलं. पण याच माणसाच्या हातून 1856 मध्ये अवधचं राज्य खालसा झालं. 1857 मध्ये लखनौवर जाताना तो वरिष्ठ असूनही त्यानं सेनापतीपद हॅवलॉककडे राहू दिलं आणि स्वतः स्वयंसेवक म्हणून घोडेस्वारांत सामील झाला. 1860 मध्ये थकलेल्या शरीरानं तो परत गेला. 11 मार्च 1863 रोजी फ्रान्समधल्या पो या गावी वारला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, राजे-महाराजांच्या शेजारी, त्याला पुरलं.

वरिष्ठ असूनही दुसऱ्याच्या मागे चालण्याची ती लखनौची गोष्ट इंग्रजी पुस्तकांत मोठ्या कौतुकानं येते. मला विचाराल तर तो हे आपल्याकडे शिकला. 22 व्या वर्षी सातपुड्याच्या उतारावर, वाट माहीत असलेल्या माणसाच्या मागे मुकाट चालताना.

ॲबीत साहेबाचा दगड आहे. रानात त्याला पहिल्यांदा बरोबर घेऊन गेलेल्या त्या पाच जणांचा कुठेच नाही. पुढच्या सुट्टीत तुमची गँग तोरणमाळला किंवा पाटणादेवीला ट्रेकला जाईल. पुढे चालणारा एखादा स्थानिक पोरगा असेल, पायात साधी चप्पल, हातात कोयता. ग्रुप फोटोत बहुतेक वेळा फोटो काढायला मोबाईल त्याच्याच हातात दिला जातो. या वेळी मोबाईल दगडावर टेकवा, टायमर लावा आणि त्याला मधे उभा करा. नावही विचारून घ्या.