मुशीचा पूर आणि विश्वेश्वरय्यांचा हिशेब

बेल्लमपल्ली : १५ सप्टेंबर म्हणजे अभियंता दिन, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा, पण माणूस आपल्या मराठी मुलखात घडला. अभियांत्रिकी पुण्यात शिकले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, धुळे, पुणे अशी नोकरी केली. १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले आणि भिंत न वाढवता धरणात जास्त पाणी साठू लागलं.

आपल्या भागाशी त्यांचा संबंध आला तो मुशी नदीमुळे. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. २८ सप्टेंबर १९०८ ला मुशीने हैदराबाद बुडवलं, हजारो माणसं गेली. दुसऱ्या वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावून घेतलं.

आल्या आल्या त्यांनी हिशेब मांडायला घेतला. पाऊस कुठे किती पडला, नदीतून किती पाणी गेलं, वरच्या तलावांचं काय झालं. खोऱ्यात ७८८ तलाव होते, त्यातले २२१ फुटले होते. पूर शहरात दिसला, पण दुखणं वरच्या अंगाला होतं. म्हणून उपायही तिथलाच सुचवला : मुशीवर आणि तिला मिळणाऱ्या इसी नदीवर साठवण धरणं. उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पुराला आवर बसला, शहराला पिण्याचं पाणीही मिळालं. भुयारी गटाराची योजनाही त्यांनी आखून दिली.

पुढे १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये बंगळुरात त्यांचं निधन झालं.

आज त्याच मुशीत हैदराबादचं सांडपाणी वाहतं. नमुने तपासले जातात, अहवालही निघतात, पण नदी काही सुधारली नाही.

आपल्याकडेही मोजणी होतेच. केंद्रीय जल आयोग मंचेरियालला गोदावरी मोजतो, गडचिरोलीत टेकरा इथे प्राणहिता मोजतो. तरी २०२२ च्या जुलैत मंचेरियालच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलंच. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, नदीकाठी घरांना परवानगी द्यायची की नाही, गावाचं नाल्याचं पाणी कुठे सोडायचं, हे ठरवताना तो आकडा समोर असतो का? विश्वेश्वरय्यांनी आधी मोजलं आणि मग ठरवलं. उद्या त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्या साहेबांना हे एवढंच विचारायचं आहे.