सुटता सुटेना!

धातूच्या पिटुकल्या सैनिकाचा हात उलटा चिकटला? थांबा, ओढू नका. या ग्लूने आधी त्याच्या शोधकर्त्यालाच छळलंय.

हॅरी कूव्हर हे अमेरिकन केमिस्ट. दुसऱ्या महायुद्धात ईस्टमन कोडॅकमध्ये बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना त्यांच्या हाती सायनोॲक्रिलेट लागलं. पण ते दिसेल त्याला चिकटायचं! वैतागून त्यांनी ते सोडून दिलं. १९५१ मध्ये टेनेसीतल्या किंग्सपोर्टला जेट विमानांच्या छतासाठी काम चाललं होतं. तेव्हा सहकारी फ्रेड जॉयनर यांनी तेच रसायन रिफ्रॅक्टोमीटरच्या दोन प्रिझममध्ये लावलं. प्रिझम सुटेचनात. महागडं उपकरण गेलं म्हणून जॉयनर हादरले. कूव्हर यांची मात्र ट्यूब पेटली. उष्णता नको, दाब नको, पृष्ठभागावरची जराशी ओल पुरते. १९५८ मध्ये ग्लू बाजारात आला. पुढे व्हिएतनाम युद्धात त्याचा स्प्रे जखमांचं रक्त थांबवायलाही वापरला गेला. २०११ मध्ये, ९४ व्या वर्षी कूव्हर गेले.

आता तुमचा सैनिक. हा ग्लू थंडीत ठिसूळ होतो. मॉडेल पिशवीत घालून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग सांधा हलकेच पिळा. बऱ्याचदा कट्कन सुटतो. नाहीच सुटला तर ॲसिटोनमध्ये बुडवा. खिडकी उघडी ठेवा, गॅस लांब. रंग जाईल, आणि प्लास्टिकचा भाग असेल तर तोही जाईल! बोटं चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू सोडवा. नेलपेंट रिमूव्हर वापरणार असाल तर आधी लेबल वाचा, सगळ्यांत ॲसिटोन नसतं.