संशयालाही पुरावा हवा

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे; ज्या माणसाचे ते नाव, त्याचे चरित्र मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. औषध, आहार, लस यांविषयीचे वाद आज घरांत, कचेऱ्यांत आणि शिक्षकांच्या खोल्यांत नित्य रंगतात. एक पक्ष तज्ज्ञाचा शब्द प्रमाण मानून मोकळा होतो. दुसऱ्याला सरसकट अविश्वास हीच वैज्ञानिक दृष्टी वाटते. या दोन्ही पक्षांनी वाल्देमार हाफकिन यांच्या आयुष्याचा एकदा विचार करावा.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली, तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकॉफ यांच्यासारखा गुरू लाभूनही धर्मामुळे स्वदेशातील विद्यापीठाची वाट त्यांना बंद झाली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ग्रंथालयात दुय्यम जागा पत्करली आणि तेथेच पटकीच्या जंतूंवर संशोधन केले. जुलै १८९२ मध्ये त्यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. या धाडसाचे आपल्याला कौतुक वाटते. पण पुरावा म्हणून त्याचे मोल मर्यादितच होते. लस टोचल्याने त्या एका माणसाला अपाय झाला नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. ती रोग टाळते की नाही, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी रोग जेथे होता तेथे जाणे भाग होते. म्हणून १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले.

१८९४ साली कलकत्त्याच्या एका बस्तीत पटकीची लागण झाली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर नऊ जणांना पटकी झाली, त्यांपैकी सात दगावले. हे नऊही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. येथे महत्त्वाची आहे ती तुलनेची रीत. दोन्ही गट एकाच वस्तीतले, एकच पाणी पिणारे, एकाच दारिद्र्यात राहणारे होते. तरीही एक शंका उरतेच. आपण होऊन लस घेणारा माणूस मुळातच अधिक सावध असू शकतो आणि त्याच्या बचावाचे श्रेय चुकून लशीला जाऊ शकते. ही शंका रास्त होती, कारण ती तपासता येण्याजोगी होती. नव्या ठिकाणी, नव्या गटांवर तीच तुलना पुन्हा करणे हेच तिचे उत्तर होते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत काम करून हाफकिन यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांत लस घेतलेल्यांची न घेतलेल्यांशी तुलना झाली. घेतलेल्यांत आजार आणि मृत्यू दोन्ही कमी आढळले. तरीही लोक बिचकत होते. त्या भीतीला अडाणीपणा म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. ज्या सरकारचे सोल्जर पुण्यात तपासणीच्या नावाखाली घराघरांत शिरत होते, त्या सरकारच्या सुईवर लोकांनी सहज विश्वास कसा ठेवावा? १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली आणि लशीचा प्रसार वाढत चालला.

अशा वेळी ३० ऑक्टोबर १९०२ चा दिवस उजाडला. पंजाबातील मलकोवाल या खेड्यात पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. उरलेल्या ८८ जणांना धनुर्वात झाला नाही.

चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांनी लस तयार करण्याच्या रीतीत बदल करून कार्बोलिक ॲसिड वगळले होते, ही बाब त्यांच्या विरुद्ध गेली. पद्धत बदलली, मग मृत्यू झाले. तेव्हा बदलामुळेच मृत्यू झाले, असा हा तर्क सरळ दिसतो. परंतु खरा प्रश्न वेगळाच होता. धनुर्वाताचे जंतू त्या एका बाटलीत नेमके केव्हा शिरले? बाटली भरून कित्येक आठवडे लोटले होते. इतके दिवस जंतू आत वाढत असते, तर बाटली उघडताना दुर्गंधी यायला हवी होती. तशी ती आली नव्हती. शिवाय, बूच काढण्याचा चिमटा त्या सकाळी जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, अशी माहिती कागदपत्रांतच होती. हा पुरावा उपलब्ध होता. त्याचे वजन मात्र कोणी केले नाही.

हाफकिन यांना पद गमवावे लागले. पुढे जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून हा पुरावा लोकांपुढे मांडला, आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. ते कलकत्त्यास परतले. पण पूर्वीचे स्वातंत्र्य त्यांना लाभले नाही. १९१५ च्या सुमारास त्यांनी हा देश सोडला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

हानी केवळ एका व्यक्तीची झाली नाही. प्लेगने त्या काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. अशा काळात लशीवर बसलेल्या प्रत्येक निराधार डागाची किंमत गोरगरिबांनी मोजली असणार. याचा अर्थ मलकोवालविषयी शंका घेणे चूक होते, असा नव्हे. एकोणीस माणसे मेल्यावर चौकशी झालीच पाहिजे. मात्र शंका ही चौकशीचा आरंभ आहे, निकाल नव्हे. लशीच्या बाजूने बोलणाऱ्याकडे आपण जो पुरावा मागतो, तोच तिच्या विरुद्ध बोलणाऱ्याकडेही मागावा. तुलना कोणाशी केली? दुसरे कारण संभवते का? आपला समज खरा असता, तर आणखी काय दिसायला हवे होते आणि ते दिसले का? हे तीन प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. १९०२ साली ते वेळीच विचारले गेले असते, तर एका निरपराध माणसाची उमेदीची पाच वर्षे वाया गेली नसती.