राजाच्या मुदपाकखान्याच्या सावलीतला वैद्य : चक्रपाणिदत्त

संस्कृत घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना मल्लिनाथाचे ऋण ठाऊक असते. तो नसता तर कालिदासाचे अर्धे श्लोक आमच्यापुरते बंदच राहिले असते. कालिदासाला जसा मल्लिनाथ, तसा चरकाला चक्रपाणिदत्त. पण मल्लिनाथाचे नाव प्रत्येक वर्गात घेतले जाते, आणि चक्रपाणीचे नाव आयुर्वेद महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर सहसा ऐकू येत नाही. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. तरीही या टीकाकाराचे चरित्र मला आपल्यापुढे मांडावेसे वाटते. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

चक्रपाणी हा अकराव्या शतकातला बंगालचा वैद्य. त्याच्या घराण्याची माहिती त्यानेच आपल्या ग्रंथाच्या शेवटी एका श्लोकात गुंफून ठेवली आहे. त्याच्या कुळाचे नाव लोध्रबली. वडिलांचे नाव नारायण, आणि हे नारायण गौड देशाच्या राजाच्या मुदपाकखान्याचे अधिकारी होते. थोरला भाऊ भानू हा 'अंतरंग' ही पदवी धारण करणारा वैद्य होता. राजाचे नाव चक्रपाणीने सांगितलेले नाही. पण पंधराव्या शतकातला त्याचा टीकाकार शिवदास सेन याने तो राजा म्हणजे पालवंशातील नयपाल असे नोंदवले आहे. गुरूचे नाव नरदत्त. चरकाचा अर्थ आपण या गुरूने दाखवलेल्या वाटेने लावत आहोत, असे चक्रपाणी टीकेच्या आरंभीच कृतज्ञतेने सांगतो.

एका घरात बाप स्वयंपाकघराचा अधिकारी आणि दोन्ही मुलगे वैद्य! आज आपल्याला ही दोन खाती निराळी वाटतात. त्या काळी ती तशी नव्हती. राजाच्या ताटात काय वाढले जाते हा वैद्याच्या काळजीचा विषय होता. चक्रपाणीच्या 'द्रव्यगुणसंग्रह' या ग्रंथात धान्ये, मांस, भाज्या, फळे, पाणी, दूध, तेल, ऊस, मद्य आणि शिजवलेले पदार्थ यांचेच गुणदोष मुख्यत्वे सांगितले आहेत. हा ग्रंथ चाळताना मला तरी वारंवार वाटते की, लेखकाच्या कानावर लहानपणापासून पळ्या-पातेल्यांचा आवाज पडत असला पाहिजे.

त्याची खरी कीर्ती मात्र इतर तीन ग्रंथांवर उभी आहे. चरकसंहितेवरची 'आयुर्वेददीपिका', सुश्रुतसंहितेवरची 'भानुमती' आणि 'चिकित्सासंग्रह'. यांपैकी भानुमतीचे आज सूत्रस्थानच उपलब्ध आहे. चिकित्सासंग्रह इतका लोकप्रिय झाला की लोक त्याला कर्त्याच्याच नावाने 'चक्रदत्त' म्हणू लागले. वृंदाच्या 'सिद्धयोग' या जुन्या ग्रंथाचा पाया घेऊन त्यात चक्रपाणीने अनेक नव्या औषधयोगांची भर घातली. ही भर कोणी उचलून वृंदाच्या ग्रंथात घुसडेल किंवा येथून काढून टाकील, अशी धास्ती त्याला असावी. म्हणून असे करणाऱ्याच्या डोक्यावर विद्वानांचा शाप पडो, असे त्याने शेवटी स्पष्ट लिहून ठेवले. परीक्षेच्या दिवसांत एकमेकांच्या वह्या उतरवून घेणाऱ्या आम्हा मंडळींनी हा शाप ध्यानात ठेवण्याजोगा आहे!

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय आठ प्रकारच्या निंदित शरीरांविषयी आहे. अति उंच, अति ठेंगू, अंगभर केस असलेला, केसच नसलेला, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश अशी ती आठ शरीरे. पण नावे सांगून झाल्यावर चरक विस्ताराने बोलतो तो शेवटच्या दोघांविषयीच; कारण या दोघांना रोग होतात आणि दोघांनाही उपचारांची गरज असते. जगाच्या निंदेपासून सुरू झालेला अध्याय असा उपचारांपाशी येऊन पोहोचतो. जड, गोड, थंड व स्निग्ध पदार्थांचे अति सेवन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, मनाला कसलीच काळजी नसणे ही स्थूलतेची कारणे तो देतो. त्यांच्याच जोडीला आईबापांकडून आलेल्या बीजाचा स्वभाव हेही कारण तो सांगतो. म्हणजे स्थूल माणसाचा सारा दोष त्याच्या जिभेवर टाकून चरक मोकळा होत नाही.

माझी एक आतेबहीण शरीराने स्थूल आहे. लग्नकार्यात, बसमध्ये, वर्गातसुद्धा तिला टोमणे ऐकावे लागत. गेल्या वर्षी वसतिगृहात राहत असताना तिने कोणाला न सांगता सकाळचे जेवण बंद केले. पंधरा दिवस ती नुसत्या चहावर दुपार काढी, आणि रात्री भूक अनावर झाली की मिळेल ते खाई. अखेर एका तासाला तिला घेरी आली. घरी आणल्यावर आत्या डोळ्यांत पाणी आणून म्हणत होती, पोरीला एवढी भूक तरी का लागते? हा प्रश्न ऐकला आणि मी ग्रंथालयातून चरकाची चक्रपाणीच्या टीकेसह असलेली प्रत काढून आणली.

आत्याच्या प्रश्नाचा विचार त्या अध्यायात झालेला आहे. मेदाने शरीरातील मार्ग अडले की वायू कोठ्यातच फिरत राहतो आणि अग्नी फुलवतो. त्यामुळे अन्न झटपट जिरते आणि पुन्हा भूक लागते. जेवणाची वेळ टळली तर अशा माणसाला भयंकर विकार जडू शकतात, असा इशाराही चरक देतो. अग्नी आणि वायू ही त्या काळची परिभाषा झाली. आजचे शरीरशास्त्र भुकेचे गणित निराळ्या शब्दांत मांडते. पण स्थूल माणसाची भूक हा निव्वळ हावरटपणा नव्हे, हे जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटले नव्हते.

मग उपाय कोणता? चरक म्हणतो, स्थूल माणसाला गुरू आणि अपतर्पण असे अन्न द्यावे. येथे कोणीही विद्यार्थी अडखळेल. गुरू म्हणजे पचायला जड, आणि अपतर्पण म्हणजे शरीराचे पोषण न वाढवणारे. जड असून पोषण न करणारे अन्न कसे असेल? नेमक्या याच ठिकाणी चक्रपाणी आपला हात धरतो. तो मधाचे उदाहरण देतो. मध गुरू असल्यामुळे भडकलेल्या अग्नीला काम पुरवतो, आणि अपतर्पण असल्यामुळे मेद कमी करतो. दोन विरोधी शब्द एका उदाहरणात त्याने सहज नांदवले. उपाशी ठेवू नका. पोटाला आधार वाटेल पण चरबी चढणार नाही असे खाऊ घाला, असा त्याचा आशय मला उमगला.

त्या अध्यायात सांगितलेली धान्येही पाहण्यासारखी आहेत. जव, सावा, राळे, हरीक, मूग आणि हुलगे. यांतले हुलगे आपल्या सीमाभागात घरोघर आहेत. शेजारच्या कानडी घरात त्यांनाच हुरळी म्हणतात. औषधांत गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा, वावडिंग, सुंठ आणि शिलाजित येतात. जोडीला व्यायाम, जागरण आणि चिंतन आहे. पण हे सारे हळूहळू वाढवत न्यावे, अशी अट आहे. पंधरा दिवसांत बारीक करून देण्याची भाषा तेथे कोठेही नाही.

चक्रदत्तातील स्थौल्याच्या प्रकरणात गुग्गुळाचे योग आहेत. त्यांतला नवक गुग्गुळ आजही वैद्य वापरतात. सुंठ, मिरे, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, चित्रक आणि वावडिंग या नऊ द्रव्यांत गुग्गुळ मिसळून तो करतात. गुग्गुळाची आधुनिक कसोटीही झाली. 1966 मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतातील मेदोरोगाचे वर्णन आधाराला घेऊन सशांवर प्रयोग केले, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल उतरल्याचे दाखवले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेच्या कामातून गुग्गुळाचे औषध बाजारात आले. परंतु 2003 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठ आठवड्यांनंतर अपायकारक कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडे वाढलेले आढळले. दोन्ही गोष्टी सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. मधुमेहाच्या रोग्याने जुने वचन वाचून मनाने मध सुरू करणे किंवा कोणीही जाहिरात पाहून गोळ्या घेणे धोक्याचे आहे. औषध वैद्य-डॉक्टरांनीच द्यावे.

चक्रपाणीच्या ग्रंथांवर पुढे निश्चलकर आणि शिवदास सेन यांनी टीका लिहिल्या. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 1941 मध्ये वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली चरकसंहिता आयुर्वेददीपिकेसह छापली, आणि बंगाली वैद्याची ही टीका देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचली. नऊशेहून अधिक वर्षे हा माणूस दुसऱ्याचे वाक्य सोपे करून सांगतो आहे.

माझी बहीण आता डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर जेवते आणि रोज सकाळी किल्ल्यापर्यंत चालत जाते. वजन अजून फारसे उतरलेले नाही. पण आमच्या घरात तिच्या ताटाकडे आता कोणी रोखून पाहत नाही, आणि याचे थोडे श्रेय मी मुदपाकखान्याच्या त्या अधिकाऱ्याच्या मुलाला देतो.