शहराच्या खिशातून शिवाराकडे

माझी मुलगी अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करते. तिच्या पगारातून एरवी दरमहा व्यवसाय कराचे दोनशे रुपये कापले जातात. फेब्रुवारीत मात्र तीनशे. हे जादा शंभर कशाचे, असं तिनं परवा जेवताना विचारलं. आयुष्य बँकेत गेलेलं, त्यामुळे हिशेब लगेच सांगितला. वर्षाला अडीच हजारांची मर्यादा. अकरा महिने दोनशे, उरलेले तीनशे एका महिन्यात. पण तिचा पुढचा प्रश्न अवघड होता. हा कर बसवला कशासाठी? त्याचं उत्तर द्यायचं तर एका माणसाची गोष्ट सांगावी लागते. त्या माणसाचं नाव विठ्ठल सखाराम पागे.

पागे सांगली जिल्ह्यातले. जन्म १९१० चा. स्वातंत्र्य चळवळीत घडलेली, गांधीविचार मानणारी ही पिढी. महाराष्ट्र राज्य झालं त्या १९६० सालीच ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत, तब्बल अठरा वर्षं, त्या आसनावर राहिले. सभापतीचं पद मोठ्या मानाचं, पण त्याच्या हाती ना खातं, ना तिजोरी. अर्थसंकल्प मंत्री मांडणार, चर्चा सदस्य करणार. सभापतीनं सभागृह चालवायचं. अशा माणसानं राज्याच्या अर्थसंकल्पात एक नवा, कायमचा कप्पा तयार करून घेतला, ही या गोष्टीतली खरी नवलाई.

त्यांच्या मनात घोळत होती ती साधी गोष्ट होती. खेड्यात पाऊस संपला की हातांना काम नाही. दुसरीकडे माती वाहून जाते, नाले कोरडे पडतात, डोंगर उघडे होतात, आणि ती कामं करायला माणसं नाहीत म्हणून ती पडून राहतात. रिकामे हात आणि पडून राहिलेली कामं यांची गाठ घालायची, एवढाच विचार. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूर भागात त्याचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तो विचार उचलून धरला आणि १९७२ मध्ये योजना राज्यभर नेण्याचं ठरलं. लोक तिला पागे योजनाच म्हणू लागले.

आणि त्याच वर्षी दुष्काळ आला. माझ्या वयाच्या नाशिककरांना तो आठवतो. मी तेव्हा शाळेत होतो. येवल्याकडे मामाच्या गावी गेलो, तर चांगली बागायत असलेल्या घरातल्या बायाही खडी फोडायला बसलेल्या. रेशनवर मिलो, मुलांना सुकडी. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या कामांनी माणसं जगवली. पण फोडलेल्या खडीचे ढीग पुढे कितीतरी वर्षं रस्त्याकडेला तसेच पडून होते. पागे यांना नेमकं हेच टाळायचं होतं. मजुरी द्यायची, पण तिच्यातून पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, वनीकरण असं काहीतरी मागे उरलं पाहिजे.

मग प्रश्न पैशाचा. सरकारी योजनेचं आयुष्य किती असतं हे बँकेत बसलेल्याला पक्कं ठाऊक असतं. मार्चमध्ये तरतूद, पुढच्या मार्चमध्ये कात्री. म्हणून रोजगार हमीसाठी वेगळे कर बसले. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. विक्रीकर, मोटारींवरचा कर, बागायत जमिनीचा आकार यांतूनही भर पडली. जेवढा कर जमा होईल तेवढीच रक्कम सरकारनं आपल्या पदरची घालायची, असा नियम झाला. म्हणजे शहरातल्या नोकरदारानं आपल्या पगारातून दूरच्या शिवारातली माती अडवायची. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा एकमतानं मंजूर केला. परिषदेत आसनावर पागे होते. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. साठ टक्के खर्च मजुरीवर झालाच पाहिजे. बाई असो वा पुरुष, कामाचा दर एकच.

मला पहिला पगार मिळाला तेव्हा ही कपात पाहून मीही कुरकुरलो होतो. पुढे शेतीकर्जाच्या तपासणीसाठी नांदगाव-चांदवडच्या बाजूला फिरताना पाझर तलावाखालच्या विहिरी पाहिल्या. एप्रिलमध्येही ज्या विहिरीला पाणी, त्या शेतकऱ्याचा हप्ता चुकत नसे. बँकेच्या खातेवहीत मातीचा आणि पाण्याचा रकाना नसतो, पण वसुली त्यावरच अवलंबून असते, हे मी तिथं शिकलो.

पागे १९९० मध्ये गेले. त्याच वर्षी रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली. सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यात डाळिंबाच्या बागा वाढल्या त्यामागे या अनुदानाचाही हात आहे. २००५ मध्ये देशाच्या संसदेनं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचाच होता.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. हजेरीपटावर खोटी नावं चढली. कित्येक तलाव गाळानं भरले, कारण बांधायला पैसा होता, राखायला नव्हता. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे अनेक वर्षी या नावानं गोळा झालेला कर प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त होता. कामाची मागणी नाही असं त्याचं कारण सांगितलं जाई. पण गाळ काढायचा राहिलेला तलाव, उघडा पडलेला डोंगर, ही मागणी कोण नोंदवणार? माणूस अर्ज करतो. मातीला अर्ज करता येत नाही. तिच्या वतीनं आपणच विचारायला हवं.

मुंबईच्या विधान भवनात वि. स. पागे यांच्या नावाचं संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं आमदारांना कामकाज शिकवलं जातं. माझ्या मनातलं त्यांचं स्मारक मात्र पगाराच्या कागदावरची ती एक ओळ आहे. निवृत्तिवेतनातून हा कर कापला जात नाही, त्यामुळे माझ्यापुरती ती ओळ संपली. आता ती मुलीच्या वाट्याला आली आहे. जादा शंभरांबद्दल तिची तक्रार उरली नाही. पण या पैशातून कुठला तलाव झाला ते एकदा दाखवा, असं ती म्हणाली. येत्या रविवारी आम्ही नांदगावच्या रस्त्याला लागणार आहोत. तलावात पाणी असेल की गाळ, ते तिथं गेल्यावर कळेल.